पर्ल बेअर्स आणि महादेव गोताडाची बोंब

तर गोलकीपर बर्फावर बसला तो बसलाच. काल गोष्ट इथंच अडली होती.

सहा फूट चार इंचांचा तो कॅनडियन गडी. अंगावर गादीभर कापूस, दोन्ही पायांना उशा बांधलेल्या, तोंडाला जाळी. लग्नघरातली अंथरुणं गुंडाळून कुणी उभी करून ठेवावीत, तसा दिसायचा. समोरून बँकेतला एक टकला अधिकारी हातातल्या काठीनं ती काळी रबरी चकती ढकलत, धापा टाकत आला. गोलकीपरनं पाय पसरले, हात पसरले, पसरता येईल ते सगळं पसरलं. आणि चकती त्याच्या दोन पायांमधून, देवळात म्हातारी बाई शिरावी तशी, सावकाश आत गेली.

त्याबरोबर पत्र्याच्या छपराखाली महादेव गोताडाचा आवाज उठला :

"दार आहे, चौकट आहे, उंबरा आहे! पण कडी नाय हो दाराला, कडी नाय!"

आणि तीनशे माणसांनी तोंडावर पालथी मूठ ठेवून अशी बोंब ठोकली, की बाहेर रस्त्यावर एका टॅक्सीवाल्यानं घाबरून गाडीच बाजूला घेतली.

हे बहारीनात कसं, असं कुणी विचारील. विचारायलाच हवं. उन्हाळ्यात जिथं नळाच्या पाण्यानं हात भाजतो, अंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून निवत ठेवावं लागतं, त्या मनामा शहरात ऐंशी सालानंतर एका कंपनीनं बर्फाचं मैदान बांधलं. मोठी थोरली शेड, जमिनीत पाइपांचं जाळं आणि वर दोन बोटं जाडीचा बर्फ. त्यावर बर्फावरची हॉकी खेळायला कॅनडातून तेरा गडी कंत्राटावर आणले. पगार, घर, गाडी, वर्षाला विमानाचं तिकीट, सगळं कंपनीचं. प्रोफेशनल टीम! टीमचं नाव ठेवलं 'पर्ल बेअर्स', म्हणजे मोत्यांची अस्वलं. त्या बेटावर अस्वल कुणाच्या आज्यानं पाहिलेलं नाही, आणि मोती काढायचा धंदा बुडून पन्नास वर्षं लोटलेली. नाव ठेवणाऱ्या साहेबाला यातलं एकही कुणी सांगितलं नसावं.

बर्फ आला, टीम आली, गणवेश आले, भिंतीवर अस्वलाचं चित्रही रंगवून झालं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की खेळायला समोर दुसरी टीमच नाही. पहिलं दीड वर्ष हे तेराजण आपसातच खेळले. सहा इकडे, सहा तिकडे, तेरावा शिट्टीवाला. त्यातही कुणी जिंकेना. अखेर बँकांमधले गोरे अधिकारी, कारखान्यांमधले इंजिनिअर, शाळेतले दोन मास्तर, ज्यांना ज्यांना लहानपणी बर्फावर घसरल्याची आठवण होती अशांना गोळा करून समोर टीम उभी केली. ती माणसं शुक्रवारी दुपारचं पोटभर जेवून यायची, दीड तास घसरायची आणि प्रोफेशनल टीमला हरवून चहा प्यायला घरी जायची.

या सगळ्यात महादेव कुठून आला? तो संगमेश्वराकडचा. शाळा सातवीपर्यंत. रत्नागिरीला बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात नऊ वर्षं कॉम्प्रेसर चालवलेला. मुंबईत एजंटानं विचारलं, "बर्फाचा अनुभव?" हा म्हणाला, "नऊ वर्षं." एजंटानं पुढं काही विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. बहारीनात उतरल्यावर क्लार्क नझीरभाय त्याला शेडमध्ये घेऊन गेले. नझीरभाय राजापूरकडचे, सात वर्षांपासून तिथल्या ऑफिसात. त्यांनी प्लांट दाखवला, गेज दाखवले, मैदानभर पसरलेला पांढराशुभ्र बर्फ दाखवला. महादेवानं सगळं बघितलं आणि विचारलं :

"बर्फ झकास हाय नझीरभाय. पण मासळी कुठाय?"

नझीरभायनी बर्फावर एकमेकांना धडकणाऱ्या तेरा कॅनडियनांकडे बोट दाखवलं. "ही."

महादेव जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ताजी दिसत नाय."

पण कामात माणूस खरा. कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला की जेवणाच्या ताटावरून उठायचा. मैदान गुळगुळीत करायला बर्फावर गरम पाणी फिरवायचं असतं, हे ऐकून त्याला आधी हसू आलं. रत्नागिरीला कुणी बर्फावर गरम पाणी ओतलं असतं, तर मासळीवाल्या बायांनी त्यालाच पाटीत घालून विकला असता! पण एकदा करून बघितलं आणि बर्फ आरशासारखा झाला, तेव्हा गडी भुलला. रोज पहाटे त्या बर्फावर वाकून आपलं तोंड दिसतंय का, ते बघायचा. दिसलं तर दिवस चांगला.

आणि तिथंच ठिणगी पडली. पहिलीच मॅच हरल्यावर टीमच्या कोचनं ऑफिसात सांगितलं, "बर्फ खराब आहे."

दुसरी हरल्यावर म्हणाला, "बर्फ फार कडक आहे." तिसरी हरल्यावर, "बर्फ फार मऊ आहे." चौथ्या वेळी समोरच्या टीमचे दोन गडी आलेच नव्हते, तरी हरले. तेव्हा म्हणाला, "बर्फ एकसारखा नाही."

नझीरभायनी हे प्लांटरूममध्ये येऊन सांगितलं, तेव्हा महादेवाचा पाना हातातच राहिला. "ते बँकवाले काय दुसऱ्या बर्फावर खेळतात? आँ? त्यांचा बर्फ काय त्यांनी डब्यातून आणलाय?"

"हळू बोल बाबा."

"चार महिने हळू बोललो तर बोलतील, पाणीच वाईट होतं! बर्फाला नावं ठेवायची नाय नझीरभाय. चूक कुणाची ती मी सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो."

आणि त्यानं सांगितली. पुढच्या शुक्रवारपासून, दर शुक्रवारी, प्लांटरूमच्या दारातल्या लोखंडी पायरीवर उभं राहून.

ऐकायला माणसं होती, त्याचंही कारण होतं. तिकीट काढून फार तर चाळीस गोरे यायचे. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या, आणि पेपरात फोटो छापून येईल तेव्हा त्या भरलेल्या दिसायला हव्यात. म्हणून मॅनेजरनं हुकूम काढला, की शुक्रवारी कामगारांना फुकट आत सोडा. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता श्रीवर्धनचा लतीफ. तो हिद्दकडून गोदीतली माणसं भरायचा, नईम मोहल्ल्यातून आपली माणसं उचलायचा आणि "यल्ला, यल्ला, चला, फुकटची थंडी!" असं ओरडत आणून सोडायचा. हॉकी बघायला कुणीच येत नव्हतं. आठवडाभर उन्हात लोखंड वाकवलेली माणसं दीड तास गारव्यात बसायला यायची. काहीजण तर येतानाच उशी घेऊन यायचे.

महादेवानं त्यांची झोप मोडली.

त्यानं आधी खेळ समजावला. काठ्या कशाला, चकती कुठं न्यायची, दोन निळ्या रेघांचं काय. एखाद्यानं दुसऱ्याला उगाच पाडलं की शिट्टीवाला त्याला दोन मिनिटं पेटीत बसवतो, ते दाखवून म्हणाला, "मास्तरांनी अंगठे धरून उभं केलंय, बघा. पण आपल्या टीमला पेटीतच बसवलेलं बरं, आत राहिले तर जास्त नुकसान." मारामारी लागली, की शिट्टीवाले दोघं हाताची घडी घालून बघत राहायचे आणि मारणारे दमले की मगच सोडवायचे. महादेव म्हणाला, "याला म्हणतात सुधारलेला देश. आपल्याकडं सोडवणारेच आधी मार खातात."

मग त्यानं एकेकाचं बारसं केलं. गोलकीपर म्हणजे 'कडी'. एक दांडगा गडी जोरात सुटायचा, पण त्याला वळता यायचं नाही. तो झाला 'रेडा'. "रेडा सुटला! बाजूला व्हा! त्याला ब्रेक नाय, तो भिंतीला विचारूनच थांबतो!" एकाकडे चकती गेली की ती समोरच्यांकडेच जायची. ती 'शेजारीण'. "गेली चकती शेजारणीकडे. शेजारणीकडे गेलेला विळा परत आलाय कधी?" एकजण मॅचच्या आधी आरशात बघून केस विंचरून मग डोक्यावर लोखंडी टोप घालायचा, तो 'नवरदेव'. आणि एक होता, गोल होण्याच्या वेळी हमखास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. महादेव डोळ्यांवर हात धरून त्याला शोधायचा : "ग्रामसेवक कुठं गेले? अहो ग्रामसेवक! कामाच्या वेळेला ग्रामसेवक तालुक्याला मिटिंगला!"

दर वाक्यामागं बोंब. आता बोंब गावाकडं फक्त शिमग्यातच मारायची असते. अवेळी मारली तर म्हातारी माणसं काठी घेऊन मागं लागतात. पण परमुलखात कुठला कार्तिक आणि कुठला फाल्गुन! होळीपुढं एकानं एक वाकडा शब्द टाकायचा आणि बाकीच्यांनी तोंड झोडायचं, ही रीत कोकणातल्या माणसाच्या हाडात असते. बघता बघता गोदीतले केरळवाले, पंजाबी, दोन पठाण, सगळे पालथी मूठ तोंडावर ठेवायला शिकले. शिमग्यात सरपंचाला, सावकाराला, मास्तरालासुद्धा नाव घेऊन बोलतात आणि कुणी राग धरत नाही. उलट ज्याचं नाव घेतलं नाही, तो घरी जाऊन बायकोवर चिडतो.

गोऱ्यांना हे कुठलं ठाऊक! मॅनेजर इंग्रज होता. आधी कुठल्याशा बेटावर हॉटेल चालवून आलेला. खेळ त्याला कळत नव्हता, पण गर्दी कळत होती. तीनशे माणसं एका सुरात काहीतरी आरोळी ठोकतात, हे बघून त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं नझीरभायना बोलावलं.

"हा मनुष्य काय म्हणतोय?"

नझीरभाय पापभीरू माणूस. पाच वेळची नमाज, महिन्याला एक पत्र आणि कुणाच्या पोटावर पाय येऊ नये एवढीच इच्छा. त्यांनी क्षणभर वर छपराकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, तो म्हणतो, आपला गोलकीपर म्हणजे किल्ल्याचं भक्कम दार आहे."

"सुंदर! आणि तो धिप्पाड खेळाडू आला, तेव्हा?"

"त्याला त्यानं एका बलवान प्राण्याची उपमा दिली सर."

"आणि आत्ता? डोळ्यांवर हात धरून?"

"म्हणतो... आपले एक खेळाडू सरकारी अधिकाऱ्यासारखे आहेत सर. फार व्यग्र."

मॅनेजरनं त्या दिवशी मालकाला रिपोर्ट लिहिला, की टीम अजून जिंकलेली नसली तरी स्थानिक जनतेत तिच्याविषयी अपार प्रेम आहे. दर शुक्रवारी नझीरभाय कानात अत्तर ओतत राहिले आणि दर सोमवारी रिपोर्ट जात राहिला. हरण्याचा रकाना लहान होत गेला, प्रेमाचा मोठा.

आणि गंमत अशी, की महादेवाला खरंच त्या टीमचं वेड लागलं होतं. मॅच हरली की रात्री जेवण उतरायचं नाही. नईम मोहल्ल्यातल्या खोलीत सातजण राहायचे, लतीफ मुद्दाम टोचायचा, "काय म्हादू, आज तुझी अस्वलं शाळेतल्या मास्तरांकडून मार खाऊन आली म्हणे?" महादेव भात चिवडत म्हणायचा, "कडी लवकर बसते रे. अर्धा सेकंद उशिरा बसली ना, तर बाप नाय शिरणार आत." त्यानं गोलकीपरकडे जितकं बारीक लक्ष दिलं होतं, तितकं कॉम्प्रेसरकडेही दिलं नसेल.

असा फेब्रुवारी उजाडला. महादेवाची दोन वर्षं भरली, रजा लागू झाली. आणि रजा त्याला शिमग्यातच हवी होती. ही नुसती हौस नव्हती. त्याच्या गावात वाघजाईची पालखी निघते तेव्हा पुढच्या उजव्या दांड्याला खांदा लावायचा मान गोताडांच्या थोरल्या घराचा, म्हणजे महादेवाचा. बाप गेल्यापासून त्याचा. पण गावकीचा नियम कडक : थोरल्या घरचा पुरुष लागोपाठ तीन शिमगे आला नाही, तर मान धाकट्या घराकडे, आणि एकदा गेला की गेला. महादेव दोन शिमगे चुकला होता. धाकट्या घरी होता चुलतभाऊ तुकाराम.

त्या काळी आखातातली माणसं पत्रापेक्षा कॅसेट भरून पाठवायची, घरूनही कॅसेटच यायची. महादेवाच्या बायकोची, रंभाची कॅसेट आली. खोलीतल्या सातही जणांनी ती ऐकली. कारण टेपरेकॉर्डर एकच आणि खोलीही एकच. कोंबड्यांचा आवाज, मागं कुणीतरी खोकतंय आणि रंभाचा ठसक्यातला आवाज :

"तुम्ही येताय का नाय ते एकदा सांगा. तुकारामभावजी आत्तापासनं उजव्या खांद्याला तेल लावून बसतात ओटीवर. काल मला म्हणाले, वहिनी, दादाला तिकडं बर्फातच राहू दे, टिकेल. मी काय बोलले नाय. पण पालखी आपल्या अंगणात नाचवताना पुढं तुकारामभावजी दिसले, तर मी ओवाळायला बाहेर येणार नाय, हे ध्यानात ठेवा."

लतीफनं उठून टेप बंद केली.

दुसऱ्या दिवशी महादेव रजेचा फॉर्म घेऊन मॅनेजरपुढं उभा राहिला. मॅनेजरनं फॉर्म वाचला, हसला आणि टेबलाच्या खणातून एक लोकरीचा मफलर काढून महादेवाच्या गळ्यात घातला. पांढरा, वर अस्वल विणलेलं.

"तुला जाता येणार नाही," नझीरभायच्या तोंडून तो म्हणाला. "सौदीतल्या धहरानहून तेल कंपनीच्या इंजिनिअरांची टीम येतेय. तीन शुक्रवार, तीन मॅच. मालक स्वतः बघायला येणार. प्लांट तुझा जोडीदार सिराज सांभाळेल, पण तू पाहिजेस. तू आमचा पहिल्या नंबरचा चाहता! तिसरी मॅच झाली की खुशाल जा."

तिसऱ्या मॅचपर्यंत पालखी देवळात जाऊन कुलूप लागलं असतं.

संध्याकाळी खोलीत महादेव गळ्यात मफलर तसाच ठेवून भिंतीला टेकून बसला होता. लतीफ म्हणाला, "हे काय?"

"मफलर मिळाला. रजा मफी, नाय मिळत."

"काढ तरी तो, घाम बघ किती आलाय."

महादेवानं मफलर काढून नझीरभायच्या मांडीवर टाकला. "नझीरभाय, तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्या तोंडानं टीमची आरती ओवाळायला?"

नझीरभाय खजील झाले. "तुझी नोकरी वाचावी म्हणून रे."

"नोकरी वाचवलीत आणि शिमगा घालवलात! मी तीन महिने घसा फोडून यांची अब्रू काढतोय आणि यांच्या दफ्तरात मी भक्त! आता एकच करा. खरं सांगा."

"वेडा की खुळा तू? खरं सांगितलं तर रजा मिळेल, पण एकेरी. परतीचा शिक्का नाही मिळणार. खलास! आणि इतके दिवस खोटं का सांगितलंस, म्हणून विमानात तुझ्या मागच्या सीटवर मी."

"दोघं जाऊ. बोलायला सोबत."

"म्हादू, माझ्या दोन पोरी कॉलेजात आहेत."

हे ऐकून महादेवानं मफलर परत उचलून त्याची घडी घातली. मग लतीफनं आपल्या खाटेखालून एक कॅसेट काढली. मागच्या शुक्रवारी त्यानं महादेवाची सगळी बडबड भरून घेतली होती, बायकोला पाठवायला; झोहरा हसून हसून मरेल म्हणून. ती नझीरभायपुढं ठेवून तो म्हणाला, "भाय, तुम्ही खोटं बोललात असं कुठं सांगायचं? सांगा की लांबून नीट ऐकू येत नव्हतं. बोंबाबोंब केवढी असते! आता टेपवर नीट ऐकलं."

नझीरभायनी कॅसेट उलटसुलट करून बघितली. त्यात जगातला सगळा जहरी माल भरलाय, अशा चेहऱ्यानं त्यांनी ती खिशात घातली.

सोमवारी सकाळी ऑफिसात टीमची मिटिंग असायची. तेरा खेळाडू, कोच, मॅनेजर. त्यांच्यापुढं टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून नझीरभाय उभे राहिले. शेजारी महादेव, हातात फॉर्म. टेप एकेक वाक्य वाजायची, थांबायची, आणि नझीरभाय शाळेत धडा वाचावा तसं स्पष्ट, इंग्रजीत सांगायचे.

"दाराला चौकट आहे, उंबरा आहे. कडी नाही."



"या खेळाडूला वळता येत नाही. तो म्हशीच्या कुळातला नर प्राणी असून भिंतीला विचारून थांबतो."

मॅनेजरचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा व्हायला लागला. नझीरभाय घाम पुसत पुढं गेले. शेजारीण झाली, नवरदेव झाला. ग्रामसेवक म्हणजे काय हे समजावून सांगायलाच पाच मिनिटं गेली. आणि ते एकदा समजल्यावर कोपऱ्यातून पहिलं फिसकन हसू आलं. बघितलं तर कडी. ती अंथरुणाची वळकटी खांदे हलवत हसत होती. मग रेडा हसला. रेड्यानं शेजारणीच्या पाठीत गुद्दा घातला, शेजारणीनं नवरदेवाचे केस विस्कटले. सगळ्यांना आपापलं नाव विचारून घ्यायचं होतं. फक्त एक गडी फुगून बसला. नझीरभायमार्फत त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काहीच नाही?"

महादेव आदबीनं म्हणाला, "त्यांना सांगा, ते बाकावरच असतात. सवड मिळाली की ठेवतो नाव."

कोच हसला नाही. मॅनेजर तर नाहीच. त्यानं टेप बंद केली. "म्हणजे तू आमचा चाहता नाहीस."

नझीरभायनी हे मराठीत सांगितलं. चाहता नाही म्हणायला महादेवाची जीभ वळेना, आणि आहे म्हणावं तर शिमगा बुडाला.

मॅनेजरनं त्याच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. "ज्याला आमच्या टीमची चाड नाही, त्याला तीन शुक्रवार अडवून मला काय करायचंय? जा." आणि खर्रकन सही केली.

रजा मिळाली. पण फॉर्मच्या खाली आणखी एक रकाना होता, परत येण्याचा. आखातात राबलेल्या प्रत्येक माणसाला तो रकाना झोपेतही दिसतो. तिथं सही झाली तर माणूस रजेवर. नाही झाली तर माणूस कायमचा घरी. मॅनेजरचं पेन त्या रकान्यावर येऊन थांबलं. नझीरभायचे ओठ हलायला लागले. दुवा मागत होते. महादेव त्या पेनच्या टोकाकडे बघत होता. पालखीचा दांडा खांद्यावर आला होता आणि घराचा दांडा निसटत होता.

तेवढ्यात कडी उभी राहिली. गोलकीपर म्हणाला, "सर, कोच मला चार महिने सांगतोय, बर्फ खराब आहे. हा माणूस टेपवर शेवटी हळू आवाजात काहीतरी म्हणाला, त्याचा अर्थ राहिला; ते परत लावा."

नझीरभायनी टेप मागं घेतली. महादेवाचा आवाज आला, बोंबेच्या आधीचा, जरा खालच्या पट्टीतला : "लवकर बसतोस बाबा तू. थांब जरा. त्याला आधी मारू दे, मग बस."

नझीरभायनी सांगितलं.

"बर्फ चांगला आहे," गोलकीपर कोचकडे न बघता म्हणाला. "मी लवकर बसतो. त्याला परत आणा, सर. आणि दर शुक्रवारी तो काय म्हणतो ते आम्हाला खरं खरं सांगायला या क्लार्कला बाकावर बसवा."

रेड्यानं टेबलावर मूठ आपटली. ती त्याची संमती होती. टेपरेकॉर्डर उडाला.

मॅनेजर हॉटेलवाला माणूस. त्यानं तेरा खेळाडूंकडे बघितलं. मग तीनशे खुर्च्यांचा, मालकाचा आणि पेपरातल्या फोटोचा मनात एकदा हिशेब केला असावा. पेन खाली टेकलं. परतीच्या रकान्यात सही झाली, तारीख पडली. नझीरभाय "अल्हम्दुलिल्ला" इतक्या जोरात म्हणाले, की कोच दचकला.

मॅनेजरनं फॉर्म पुढं सरकवला, पण बोट त्यावरच ठेवलं. त्याला बिचाऱ्याला पुढच्या सोमवारी रिपोर्ट लिहायचा होता. त्यानं विचारलं, "तीन महिने आमच्यावर तोंडसुख घेतलंस. या टीमविषयी चांगलं म्हणून एक तरी वाक्य तुला बोलता येईल का?"

महादेवानं आधी त्या बोटाखालचा फॉर्म हळूच काढून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाला :

"येईल की साहेब. सोळा शुक्रवारांत एकदासुद्धा जिंकले नाय, पण सतराव्या शुक्रवारी पोटात दुखतंय म्हणून एकानं घरी बसून दाखवलं नाय. तेराच्या तेरा टोप घालून परत उभे. आमच्या गावात एवढा मार खाल्लेला माणूस मुंबईला पळून जातो. पण नझीरभाय, हे एवढं इंग्रजीत सांगू नका हां, डोक्यात जाईल त्यांच्या."